गोधडीवर नाव कुणाचं?

स्वयंपाक उरकला असेल तर निवांत बसून ऐका, उरकला नसेल तर चुलीजवळच रेडिओ ठेवा. आज आम्ही गोधडीबद्दल बोलणार आहोत, आणि लांबच्या मुलखातल्या एका चित्रकार बाईबद्दल. या दोन्हींचा संबंध काय, ते ऐकता ऐकता कळेल.

आधी आमच्या गटातली हकिकत सांगतो. आमच्याकडे सहा-सात जणी गोधड्या शिवतात. त्यांत सगळ्यांत जुना हात आमच्या एका आजींचा. गेल्या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात शहरातल्या एका व्यापाऱ्याने त्यांच्या दोन गोधड्या नमुना म्हणून नेल्या. पैसे रोख दिले, पुढे मोठी ऑर्डर देतो म्हणाला. ऑर्डर काही आली नाही. यंदा संक्रांतीच्या आधी गटातल्या एकीच्या सुनेने बाजारातून पलंगावरची चादर आणली. कापड मिलचं, पण वर छाप गोधडीचा. आजींनी ती चादर हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो माझ्या थोरलीच्या झंपरचा तुकडा. पांढऱ्या ठिपक्याचा. तिच्या पहिल्या दिवाळीला घेतला हुता." ठिपकेसुद्धा जसेच्या तसे उतरले होते.

आम्ही त्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "अहो ताई, चिंध्यांच्या गोधडीला कसलं आलंय डिझाइन? हाताला येईल तो तुकडा जोडायचा. त्याला मालक कुठला असतो?"

फोन ठेवल्यावर बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. राग सगळ्यांनाच आला होता, पण उत्तर सुचत नव्हतं. कारण खरं सांगायचं तर आपणही असंच बोलतो. पाहुणी म्हणाली, "किती छान गोधडी," की आपण म्हणतो, "काही नाही हो, जुन्या लुगड्यांचं केलंय." आपणच किंमत उतरवलेली असते, व्यापारी तिथून पुढे सुरू करतो.

आमचं शिक्षण बी.ए.पर्यंत झालंय, पण चित्रकलेचा आम्हाला गंध नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांच्या कानावर हा प्रकार गेला तेव्हा त्यांनी एक जाड पुस्तक आणून दिलं आणि एक पान उघडून ठेवलं. त्या पानावर एका लहान गोधडीचं चित्र होतं. आम्ही पुढच्या बैठकीत ते पान झाकून नेलं आणि फक्त चित्र दाखवून विचारलं, "ही कुणी शिवली असेल?"

तुम्हाला रेडिओवर ते चित्र दाखवता येत नाही, म्हणून सांगतो कसं आहे. लांबीला साडेतीन फुटांच्या आसपास, रुंदीला पावणेतीन फूट. म्हणजे पाळण्यातल्या बाळापुरती. तिच्यात त्रिकोण आहेत, चौकोन आहेत, पण एकही चौकोन सरळ नाही, सगळे जरा कललेले. गुलाबी, तांबडा, हिरवा, मळकट पांढरा, मध्येच गडद तपकिरी आणि काळा. फूल नाही, पान नाही, मोर नाही. नुसते तुकडे. पण नजर एका जागी थांबत नाही, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत राहते.

एक जण म्हणाली, कर्नाटकाच्या बाजूची असेल. दुसरी म्हणाली, धनगरवाड्यावरची. आजी म्हणाल्या, "बाळंतिणीनं शिवलीया. घाई हाय तिच्या हाताला."

आजींचं बरोबर निघालं. ही गोधडी १९११ साली पॅरिसमध्ये, म्हणजे फ्रान्स देशाच्या राजधानीत, सोनिया देलोने नावाच्या बाईने आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलासाठी शिवली. मुलाचं नाव शार्ल. आज ती गोधडी पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या आधुनिक कलेच्या संग्रहात आहे, आणि जगभरचे जाणकार तिला चित्रकलेतल्या एका नव्या वाटेची सुरुवात मानतात. आमच्या बैठकीत हे ऐकल्यावर एकीचा पहिला प्रश्न होता, "मग ती आता कुणी पांघरत नाही?" नाही, आता कुणी पांघरत नाही.

ही सोनिया कोण? जन्म १८८५ चा, आजच्या युक्रेन देशातला. तेव्हा तिथे रशियाच्या बादशहाचं राज्य होतं. घर ज्यू, परिस्थिती बेताची. जन्माचं नाव सारा श्टर्न. पाच वर्षांची असताना तिला पीटर्सबर्गच्या श्रीमंत मामाकडे पाठवलं. तिथे ती सोनिया टेर्क झाली. मामाने शिकवलं, चित्रकलेसाठी जर्मनीला पाठवलं. विशीत ती पॅरिसला आली. घरच्यांनी परत बोलावू नये म्हणून की काय, १९०८ साली तिने चित्रांचं दुकान चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाशी लग्न केलं. ते नावापुरतंच होतं. दोन वर्षांत दोघांनी समजुतीने ते सोडलं आणि तिने रोबेर देलोने या चित्रकाराशी लग्न केलं. नाव पुन्हा बदललं. आपल्याकडे लग्नात उखाण्यापासून तांदळात नाव लिहिण्यापर्यंत जे चालतं, ते आठवून आमच्यातल्या काही जणी हसल्या. बाईच्या नावाचं सगळीकडे असंच.

मूल झालं तेव्हा तिला लहानपणी पाहिलेलं आठवलं. तिच्या मुलखातल्या शेतकरी बायका कापडाच्या तुकड्यांची पांघरुणं करायच्या. तशीच एक आपल्या पोराला करावी असं तिच्या मनात आलं. बस्, एवढंच. त्या वेळी ती काही कलाकृती करायला बसली नव्हती. पण गोधडी पुरी झाल्यावर तिने आणि नवऱ्याने ती पाहिली, आणि दोघांच्या लक्षात आलं की त्या काळचे नव्या विचाराचे चित्रकार रंगांनी जे करू पाहत होते, ते या चिंध्यांमध्ये झालेलं आहे. मग तिने तीच रीत पुस्तकांच्या बांधणीला लावली, दिव्याच्या शेडला लावली, आणि चित्रांनाही लावली. आधी चित्र आणि मग त्याची नक्कल कापडावर, असं झालं नाही. सुई आधी, कुंचला मागून.

तिची चित्रं ज्या प्रकारची, त्याला अमूर्त चित्र म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट तुमच्या रोजच्या सवयीची आहे. ज्या चित्रात झाड, माणूस, देव, घर असं ओळखू येणारं काही नसतं, फक्त रंग, आकार आणि रेषा असतात, ते अमूर्त. लोक अशा चित्रापुढे उभे राहून विचारतात, "हे नेमकं काय काढलंय?" पण गोधडी पाहून आजवर कुणी विचारलंय का की यात काय काढलंय? रंग जुळलेत की नाही एवढंच बघतो आपण. म्हणजे अमूर्त चित्र बघायची नजर आपल्याला आधीपासून आहे, फक्त ते नाव आपल्या कानावर नव्हतं.

आता जरा रंगांकडे येऊ, कारण त्या व्यापाऱ्याच्या "हाताला येईल तो तुकडा" या बोलण्याचा निकाल इथे लागतो.

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा जुना कारखाना आहे, तिथे भिंतीवर लावायची चित्रं हातमागावर विणतात. तिथल्या रंगाईच्या खात्यावर १८२४ सालापासून शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. तक्रार आली की तुमचा काळा रंग फिका पडतो. शेव्रल यांनी काळ्या लोकरीची तपासणी केली, दुसऱ्या ठिकाणच्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. खोट होती शेजारात. निळ्या-जांभळ्याला लागून काळा विणला की डोळ्याला तो मरगळलेला दिसतो. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. सांगणं एवढंच की कोणताही रंग एकटा दिसत नाही. शेजारचा रंग त्याला बदलतो. लालाशेजारी हिरवा ठेवला की लाल अधिक लाल आणि हिरवा अधिक हिरवा दिसतो.

सोनिया आणि रोबेर यांनी हाच धागा धरला. सगळे रंग एकाच वेळी डोळ्यावर येतात आणि एकमेकांना हलवतात, म्हणून आपल्या कामाला त्यांनी "एकाच वेळी" अशा अर्थाचं फ्रेंच नाव दिलं. सोनियाला हे ग्रंथातूनच कळलं असं नाही. युक्रेनच्या गावाकडच्या लग्नांत नाचणाऱ्या बायकांचे लाल-हिरवे कपडे आणि रिबिनी तिच्या डोळ्यांत लहानपणापासून होत्या.

घरी करून बघा. एकाच कापडाचे दोन तुकडे घ्या, समजा हळदी रंगाचे. एक गडद जांभळ्या पातळावर ठेवा, दुसरा खाकी कापडावर. पहिला पेटल्यासारखा दिसेल, दुसरा विझल्यासारखा. तुकडा एकाच ताग्यातला.

हे आम्ही आजींना समजावून सांगायला गेलो तर त्या आमच्याकडे बघतच राहिल्या. "हे काय नवीन सांगताय ताई?" त्यांची रीत अशी. शिवायच्या आधी सगळे तुकडे ओट्यावर पसरून ठेवायचे. तीन-तीन, चार-चार दिवस. जाता-येता एखादा उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा. दिवेलागणीनंतर रंगाला हात लावायचा नाही, कारण पिवळ्या बल्बखाली निळा आणि हिरवा एकच दिसतो. सुनेने म्हटलं, "आत्याबाई, लावा की कुठलाबी," तर ऐकायचं नाही. "ह्ये दोघं शेजारी भांडत्यात," म्हणून लाल तुकडा उचलून टाकायचा. पॅरिसच्या शास्त्रज्ञाने जे लिहिलं ते या बाईने ओट्यावर बसून ताडलंय. हाताला येईल तो तुकडा जोडणं ते हे नव्हे.

पुन्हा सोनियाकडे येतो. १९१३ साली तिने स्वतःसाठी तुकड्यांचाच झगा शिवला आणि तो घालून ती पॅरिसच्या नाचघरात जायची. त्याच वर्षी ब्लेझ सांद्रार या कवीच्या रेल्वे प्रवासावरच्या लांबलचक कवितेला तिने रंगांची जोड दिली. ते पुस्तक घडी उलगडली की दोन मीटर लांब होतं. आपल्या पातळाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा समजा. १९१४ साली तिने भलंमोठं चित्र रंगवलं, रस्त्यावरच्या नव्या विजेच्या दिव्यांभोवती दिसणाऱ्या रंगांच्या वलयांचं. त्यात दिवा शोधू नका, वलयंच बघायची.

मग महायुद्ध आलं. हे दोघं तेव्हा स्पेन-पोर्तुगालकडे होते. १९१७ साली रशियात क्रांती झाली आणि सोनियाला माहेरच्या मालमत्तेतून जे भाडं येत होतं ते एका फटक्यात बंद झालं. घरात चित्रकार नवरा, सहा वर्षांचं पोर. इथे आमच्या बैठकीत शांतता झाली होती, कारण अचानक बंद झालेलं उत्पन्न म्हणजे काय, हे आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. सोनियाने माद्रिद शहरात दुकान काढलं. कपडे, पर्स, घरातल्या वस्तू, सगळं तिच्या रंगांचं. नाटकाचे पोशाख केले. १९२१ मध्ये पॅरिसला परत आल्यावरही घराचा गाडा मुख्यतः तिच्या कापडावर चालला. १९२३ साली ल्याँ या रेशमाच्या शहरातल्या एका कारखानदाराने तिच्याकडून पन्नास नक्ष्या मागवल्या. पुढच्या वर्षापासून तिने स्वतःच्या कार्यशाळेत कापड छापून घ्यायला सुरुवात केली. १९२५ च्या पॅरिसमधल्या मोठ्या प्रदर्शनात पुलावरच तिचं दुकान लागलं होतं. तिच्या कापडाला जुळेल अशी मोटारगाडीसुद्धा रंगवली होती. हॉलंडमधलं मेट्झ नावाचं मोठं दुकान पुढे कित्येक वर्षं तिच्या नक्ष्या घेत राहिलं.

त्यातली एक गोष्ट आम्ही दोनदा वाचली. ती प्रत्येक नक्षी आधी कागदावर रंगवायची आणि तिला क्रमांक द्यायची. त्यांच्या वह्या ठेवायची. आज शंभर वर्षांनी लोक नक्की सांगू शकतात की अमुक नंबरची नक्षी तिची आहे.

आणि एक आम्हाला न आवडलेलीही गोष्ट सांगायला हवी. तिच्या भरतकामाच्या कोटांवर टाके घालायला रशियातून परागंदा होऊन आलेल्या बायका होत्या. कोटावर नाव एकीचं, सुया मात्र बऱ्याच जणींच्या. आमच्यातली एक तरुण मुलगी चटकन म्हणाली, "म्हणजे तिनंही तेच केलं की." यावर बैठकीत बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, मजुरी दिली, विषय संपला. काहींचं म्हणणं, मग आपला व्यापारीसुद्धा तेच म्हणेल. मिटलं नाही. आम्हाला वाटतं, नक्षी ठरवणारी आणि टाके घालणारी, दोघींची नोंद हवी.

१९२९ नंतर सगळ्या जगात मंदी आली, गिऱ्हाईक आटलं, तिने मोठा धंदा आवरला आणि पुन्हा रंगवायला बसली. १९३७ च्या प्रदर्शनासाठी तिने विमानाची इंजिनं आणि पंखे यांवर भिंतीएवढी चित्रं केली. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, रोबेर गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं ती नवऱ्याच्या चित्रांना मान मिळावा म्हणून झटत राहिली. तिला स्वतःला मात्र पुष्कळ काळ "देलोनेची बायको, ती कापडाचं काम करते" असंच ओळखलं गेलं. त्याचं चित्र ती कला, तिचं कापड ते घरकाम. कापडाच्या पैशावर घर चाललं, हे वेगळंच.

१९६४ साली तिने स्वतःची आणि नवऱ्याची मिळून शंभराहून जास्त चित्रं फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली, आणि पॅरिसच्या लूव्र या जगप्रसिद्ध संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. हयात असताना लूव्रमध्ये आपल्या कामाचं असं प्रदर्शन भरलेलं बघणारी ती पहिली बाई. तेव्हा ती ऐंशीच्या घरात आली होती. १९७९ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ती गेली.

हे सगळं सांगून झाल्यावर आम्ही पुस्तक आजींपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, ती बाळाची गोधडी परत निरखली. आम्हाला वाटलं, आता कौतुक करतील. म्हणाल्या, "झकास हाय. पर त्यो काळा तुकडा मी थोडा खाली घेतला असता. तिथं डोळा अडकतोय." मग थोड्या वेळाने, "तिच्याकडं तेवढा काळाच शिल्लक असंल म्हना."

आता आमच्या चादरीचं काय झालं, ते विचाराल. तालुक्याच्या एका वकीलताईंकडे जाऊन आलो. नक्षीची नोंदणी करायचा कायदा आहे, २००० सालचा. पण नोंदणी नव्या नक्षीची होते. बाजारात आधीच गेलेली नक्षी नवी धरत नाहीत. म्हणजे नोंद आधी, विक्री नंतर. आजींच्या त्या दोन गोधड्यांच्या बाबतीत आमचा हात थोडा उशिराच पोचला. त्या माणसाला आम्ही पत्र पाठवलंय, उत्तर आलेलं नाही. येईल अशी फार आशाही नाही.

पण वही सुरू केली आहे. शंभर पानी, पुठ्ठ्याची. प्रत्येक गोधडी विकण्याआधी तिचा फोटो काढून चिकटवायचा, क्रमांक घालायचा, तारीख, तुकडे कुणी मांडले त्या बाईचं नाव, टाके कुणी घातले त्यांची नावं, किती दिवस लागले, किती रुपयांना गेली. गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात तेच नाव दोऱ्याने घालायचं. यावर एकदोघींनी कुरकुर केली, "पांघरुणावर नाव, पायाखाली आलं तर?" मग डोक्याकडची बाजू ठरवून घेतली.

वहीत पहिला क्रमांक आजींचा आहे. नाव लिहिताना आम्ही विचारलं, "नवऱ्याचं नाव, आडनाव लावायचं ना?" त्या जरा थांबल्या. "माझं लिवा आधी. बाकीचं जागा उरली तर." त्यांना सही येत नाही, अंगठा दिलाय. तेवीस दिवस लागले होते, तेही लिहिलंय.

तुमच्यापैकी ज्या गोधड्या शिवता त्यांनी येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता शाळेच्या व्हरांड्यात या. शिवलेली नसली तरी चालेल, नुसते तुकडे घेऊन या. उजेड असताना मांडून बघू. सरांचं पुस्तक आम्ही घेऊन येतोय, पानं मात्र कोरड्या हातांनी उलटायची. नमस्कार.